इदालिना, पुन्हा मोज

पेनिशच्या बंदरामागे, जाळी विणणाऱ्यांच्या गल्लीत माझं दुकान.
प्रिंटरची शाई, मोबाईलच्या काचा, गिऱ्हाइकांच्या तक्रारी.
मंगळवारी इदालिना आली. हातात फक्त चिठ्ठी,
पडद्यावरचं वाक्य उतरवून आणलेलं, स्वल्पविरामासकट:
तुमच्या प्रणालीला ऑक्टोबरनंतर कुणी वाली नाही.

'वाली' माझा शब्द.
कंपनीने 'सहाय्य' म्हटलं होतं.

तिच्या घरी खिडकीपाशी गोल उशी,
उशीवर टाचण्यांचं रान,
ऐंशी लाकडी रिळं लोंबणारी,
आणि शेजारी तो संगणक. पंख्याला दमा.
नवी प्रणाली त्याला दारातच अडवत होती:
चिप हवी, ती नाही. मेमरी हवी, ती निम्मी.
नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.
"नवा घ्या," मी म्हणालो, "हप्त्याने देतो."
हे वाक्य मला झोपेतही येतं.

ती काही बोलली नाही. प्रोग्राम उघडला.
राखाडी चौकट, निळे ठिपके:
कुठे टाचणी, कुठे पीळ, कुठला धागा कुणावरून.
एवारिश्तूने लिहिलेला,
सार्डिनच्या कारखान्यात रात्रपाळी करून,
फाटक्या पुस्तकावरून शिकून.
त्या दोघांचं लग्न ठरलं होतं की मोडलं होतं,
गावात दोन्ही मतं आहेत.
आता तो लक्झेंबर्गमध्ये छपरं बसवतो.
एकोणीस वर्षं, पत्र नाही.

तिने मुद्दाम एक टाचणी चुकवली.
टिंग.
मधोमध खिडकी उघडली:
इदालिना, पुन्हा मोज.
खाली एकच बटण. 'बरं.'

"नव्यात हे चालेल?"

नाही चालणार. मला चार मिनिटांत कळलं होतं,
तरी तासभर खटपट करत बसलो,
नाही म्हणायलाही घाम दिसावा लागतो.

"त्याचं मला काही नाही," ती म्हणाली.
"पण एकशे चाळीस नमुने आहेत आत,
आणि मी खरंच चुकते हल्ली."
तिचा भाचा कुश्तोदियू फोनवर ओरडत होता,
चोर शिरतील, सगळं उपसून नेतील!
"येऊ देत," ती म्हणाली, "मोजून जातील."

पुढे तीन आठवडे तळ्यात, मळ्यात.
सोमवारी हो, गुरुवारी बघू,
रविवारी चर्चच्या पायरीवर माझ्याकडे न बघणं.
मी तिला हे सांगितलं नाही, की
दुकानातली यंत्रं मी पहिल्याच रात्री बदलली
आणि सकाळी पावत्यांचा प्रिंटर मुका झाला.
तीन दिवस हाताने पावत्या लिहिल्या,
गिऱ्हाइकांना म्हटलं, जुनी पद्धत छान असते.

शेवटच्या आठवड्यात तिचा निरोप: कागद घेऊन ये.
सगळे नमुने छापायचे होते.
रात्रभर प्रिंटर कण्हत राहिला,
ती एकेक पान केशरी पुठ्ठ्याशी ताडून पाहत होती.
अडुसष्टाव्या पानावर थांबली, हसली.
"इथे एक टाचणी कमी आहे. पहिल्यापासून.
मी दर वेळी हाताने घालते."
मी पडद्यावर पाहिलं. प्रोग्राम गप्प.
ज्याने मोजायला सांगितलं
त्याचंच एक राहून गेलं होतं.
"त्याला कळवलं नाही?"
"विचारलं कुठे त्याने?"

पहाटे ती म्हणाली, तार काढ.
मी नेटची तार काढली. कोपऱ्यात लाल फुली आली.
आता तो संगणक समोरच्या बेर्लेंगा बेटासारखा,
दिसतो, पण खवळलेल्या दिवसांत होडी लागत नाही.
टपाल फोनवर येईल, बिलं भाचा भरेल,
लेस इथेच राहील.

नवा संगणक विकला गेला नाही.
पाच युरो दिले तिने, वर वाटाण्याची भाकरी म्हणून एक पाव,
आणि तार जाळ्याच्या दोरीसारखी गुंडाळून.
वहीत काय लिहावं कळेना.
'अपग्रेड' लिहिलं. खोडलं.
'तार काढली' लिहिलं.
मग बेरीज केली, आणि का कोण जाणे,
पुन्हा मोजली.